रशियन की बर्मी? दोन्ही शिकून पाहिल्यावर

नाशिकला एका औषध कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात मी काम करते. ज्या देशात गोळ्या विकायच्या तिथल्या सरकारकडे नोंदणीची कागदपत्रं पाठवायची, खोक्यावरचा आणि आतल्या माहितीपत्रकातला मजकूर तपासायचा, असं हे काम. आमचा बराचसा माल रशियाला आणि म्यानमारला, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाला, जातो; तिथली भाषा बर्मी. २०२१ च्या सुरुवातीला साहेबांनी विचारलं, यातली एखादी भाषा शिकायची कुणाची तयारी आहे का, निम्मी फी कंपनी देईल. मी रशियन घेतली. ती जरा मार्गी लागल्यावर बर्मीही सुरू केली. आता ऑफिसातली नवी मुलं विचारतात, ताई, कुठली घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

भाषा निवडताना मीही सगळ्यांसारखी आधी इंटरनेटवर शोधाशोध केली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने भाषांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात रशियन आणि बर्मी एकाच गटात बसतात. दोन्हींना साधारण ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले ११०० तास. पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे. मराठी माणसाला या दोन भाषांत जे जड जातं ते त्यांच्यापेक्षा फार वेगळं असतं, आणि जे फुकटात मिळतं तेही वेगळं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच धास्ती कमी झाली असती.

जून २०२१ मध्ये पुण्याच्या एका संस्थेचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. कोविडमुळे सगळंच ऑनलाइन होतं, म्हणून नाशिकला बसून शिकता आलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. वर्षाची फी पंधरा हजारांच्या आत होती, पुस्तकं वेगळी. महाराष्ट्रात रशियन शिकायला जागा आहेत: पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा रशियन विभाग, पेडर रोडचं रशियन केंद्र. प्रवेश जून-जुलैत होतात, तेव्हा एप्रिलपासूनच चौकशी सुरू ठेवा.

लिपीची भीती पंधरवड्यात जाते. ३३ अक्षरं, त्यातली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि वेगळीच वाचायची असतात, एवढंच. खरा त्रास हस्ताक्षराचा. रशियन लोक जोडून लिहितात. त्यात ‘त’चं अक्षर इंग्रजी एमसारखं दिसतं, ‘द’चं इंग्रजी जीसारखं आणि ‘इ’चं इंग्रजी यूसारखं. आमच्या बाईंनी पहिल्या महिन्यात ‘प्रोपिसी’, म्हणजे तिथल्या पहिलीच्या मुलांची गिरवायची वही, छापून घ्यायला लावली. रोज एक पान. कंटाळा आला तरी करा. पुढे रशियन अधिकाऱ्यांनी हाताने लिहिलेले शेरे वाचताना त्याच पानांचा उपयोग होतो.

मग आल्या विभक्ती. रशियनला सहा. इंग्रजी पुस्तकं इथे शिकणाऱ्याला फार घाबरवतात, पण आपण लहानपणापासून ‘घर, घरात, घराला, घराने’ करतोच आहोत. शब्दाचं रूप बदलतं ही कल्पनाच आपल्याला नवी नाही. लिंगंही आपल्यासारखी तीन. हिंदीवाल्या मैत्रिणीला नपुंसकलिंग वेगळं शिकावं लागलं, मला नाही. भूतकाळ तर ऐकून मी चकितच झाले. ‘होता, होती, होतं’ याला ते म्हणतात ‘बिल, बिला, बिलो’. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि शेवटी ‘ल’ येतो, आपल्या ‘आला, आली, आलं’सारखा. या दोन ‘ल’चं मूळ एक नाही, पण कानाला ते इतकं ओळखीचं वाटतं की भूतकाळ मला जवळजवळ शिकावाच लागला नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही वाक्यंही रशियनमध्ये आपल्याच घडणीची आहेत. तिथेही ‘मी’ न येता ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ येतात. उच्चारातही एक सोय आहे. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतले दोन ‘च’ आपण वेगळे म्हणतो, ते दोन्ही रशियनमध्ये स्वतंत्र अक्षरं घेऊन बसले आहेत. ‘त’ आणि ‘द’ दंत्यच आहेत, जीभ आयतीच जागेवर जाते.

मग अडतं कुठे? माझं अडलं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे मृदू व्यंजनं. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आणि त्यातलाच शेवटचा ‘त’ जीभ टाळूला टेकवून मऊ केला की ‘घेणे’. हा फरक ऐकू यायलाच मला कित्येक महिने लागले. दुसरं, आघात, म्हणजे बोलताना शब्दाच्या एका भागावर दिलेला जोर. तो शब्दात कुठेही पडतो, छापील मजकुरात दाखवत नाहीत, आणि जिथे पडत नाही तिथला ‘ओ’ चक्क ‘अ’ होतो. दूध लिहितात ‘मोलोको’ आणि म्हणतात ‘मलाको’. म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना आघाताची खूण केल्याशिवाय तो शब्द शिकला असं धरू नका.

तिसरं, जाणे. मराठीत पायी जा, बसने जा, रोज जा, एकदा जा, ‘जाणे’ एकच. रशियनमध्ये पायी एका दिशेने जायला ‘इत्ती’, पायीच पण ये-जा करायला ‘खादीत’, वाहनाने एकदा जायला ‘येखत’, नेहमी जायला ‘येझदीत’. शिवाय प्रत्येकाला उपसर्ग लागून नवी क्रियापदं तयार होतात. दुसऱ्या वर्षाचा एक आख्खा सत्र यात गेला. त्याच सुमाराला पूर्ण आणि अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या येतात. त्यासाठी मी मनाशी ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ असा मराठी आधार धरला. दर वेळी तो तंतोतंत बसत नाही, पण दहातल्या सात वेळा वाट दाखवतो.

ऑफिसच्या कामात रशियन लवकर उपयोगी पडली. माहितीपत्रकातले ‘ताब्लेत्का’, ‘काप्सुला’ हे शब्द पहिल्या वाचनातच कळतात. मजा, आणि परीक्षाही, आकड्यांत असते. एक गोळी ‘ताब्लेत्का’, दोन-तीन-चार असतील तर ‘ताब्लेत्की’, पाच झाल्या की ‘ताब्ल्येतक’. ‘२५ अंशांखाली ठेवा’ या ओळीत २५ हा आकडाच विभक्ती घेतो, आपण ‘पंचविसाला’, ‘पंचविसाच्या’ म्हणतो तसा. पत्रकावर नुसता आकडा छापलेला असतो, त्यामुळे मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली की सगळा कस लागतो. बैठकीच्या आधी मी असे आकडे अक्षरी लिहूनच नेत असे.

२०२३ मध्ये परीक्षा द्यायचं ठरवलं. रशियन सरकारमान्य परीक्षेला तोरफ्ल म्हणतात. पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत. मी बी-१ निवडली, कारण रशियातल्या विद्यापीठात पदवीला प्रवेश घ्यायला साधारण तेवढी मागतात आणि कंपनीलाही ती कळण्यासारखी होती. ही परीक्षा रशियातली विद्यापीठं इथल्या केंद्रांमार्फत घेतात. वर्षभर हवी तेव्हा देता येत नाही, पुरेसे उमेदवार जमले की तारीख लागते. मी फेब्रुवारीत नाव दिलं, तारीख मिळाली मेच्या अखेरीची. पासपोर्टची प्रत, फोटो आणि शुल्क लागलं. मुंबईचा प्रवास, दोन रात्री राहणं धरून सगळा खर्च चौदा-पंधरा हजारांच्या घरात गेला.

अर्जातली एक गोष्ट नीट सांभाळा. नाव रशियन लिपीत लिहावं लागतं आणि त्या लिपीत ‘ह’ नाही. कुणी त्याचा ‘ग’ करतं, कुणी ‘ख’. तुमच्या नावात किंवा आडनावात ‘ह’ असेल तर एकच रूप ठरवा आणि प्रत्येक कागदावर तेच ठेवा. व्हिसावर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरं असं झालं तर पुढे नोटरी, शपथपत्र असा घोळ सुरू होतो. आमच्या तुकडीतल्या एका मुलाला त्यापायी महिनाभर हेलपाटे पडले.

परीक्षा दोन दिवस चालली. पाच भाग: शब्दसंपदा-व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकात ६६ टक्के लागतात. व्याकरणाच्या भागात ६० मिनिटांत १६५ प्रश्न असतात. त्यामुळे विचार करायला वेळच नसतो, कानाला बरोबर वाटेल ते टिपत जायचं. त्यासाठी शेवटचे दोन महिने मी घड्याळ लावून जुने नमुना संच सोडवले. ते इंटरनेटवर मोफत मिळतात. संभाषणाच्या खोलीत जाताना छातीत धडधडत होतं. समोरच्या बाईंनी नाशिकबद्दल विचारलं. द्राक्षांवर बोलायला लागले आणि वेळ कधी संपली कळलं नाही. निकाल काही आठवड्यांनी ईमेलवर आला, कागदी प्रमाणपत्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

रशियनची घडी बसली तशी मला बर्मी खुणावू लागली. यांगूनच्या वितरकाची पत्रं आमच्याकडे दुभाष्यामार्फत यायची, आणि एकेका ओळीच्या खुलाशाला चार-चार दिवस जायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शोध सुरू केला आणि पहिल्यांदा कळलं की शिकवणारं कुणी मिळणं हाच मोठा अडथळा आहे. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसमध्ये बर्मी शिकवतात, पण नोकरी सोडून दिल्लीला जाणं शक्य नव्हतं. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर रशियन आहे, बर्मी नाही. लंडनच्या सोआस या संस्थेतल्या जॉन ओकेल यांचे ध्वनिपाठ इंटरनेटवर मोफत मिळाले आणि पहिले दोन महिने मी तेवढ्यावर काढले. अजूनही नव्या माणसाला मी तिथूनच सुरुवात करायला सांगते, कारण त्यात लिपी बाजूला ठेवून आधी कान तयार करतात.

डिसेंबरात एका शिकवणीच्या संकेतस्थळावर यांगूनच्या बाई मिळाल्या. तासाला सातशे रुपयांच्या आसपास. मी त्यांना ‘सयामा’ म्हणते, शिक्षिकेला तिथे तसंच म्हणतात. त्या मला ‘न्यीमा’, धाकटी बहीण, म्हणतात. पैसे थेट पाठवायचा प्रयत्न केला तर बँकेने आठवड्याने परत केले. संकेतस्थळामार्फतच भरावेत, पावतीही मिळते आणि कंपनीच्या हिशेब विभागाला ती लागतेच. यांगूनमध्ये वीज सारखी जाते, म्हणून आमचा वर्ग वीज हमखास असेल त्या वेळी, पहाटे ठरायचा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे एक तास. मी साडेसहाला बसायचे तेव्हा त्यांच्याकडे साडेसात वाजलेले असायचे.

महाराष्ट्रातून बोलतेय म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं रत्नागिरीचं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये तिथे वारला, हे त्यांच्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मी त्यांना टिळकांचं सांगितलं, १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. त्या मूळच्या मंडालेच्याच आहेत. तो पहिला तास जवळपास यातच गेला आणि आमची छान गट्टी जमली.

बर्मी लिपी बघताना सगळी गोल गोल वेटोळी दिसतात आणि जीव दडपतो. पण क्रम ऐका: क ख ग घ ङ, मग च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. ३३ व्यंजनं, आपल्याच बाराखडीच्या वळणाची, कारण मूळ ब्राह्मी. शेवटाकडे ‘ळ’सुद्धा आहे. इंग्रजी पुस्तकं ज्याला दोन महिने देतात ते मला तीन आठवड्यांत आलं. फक्त उच्चार सरकलेले आहेत: ‘च’च्या जागचं अक्षर ‘स’ वाचतात, ‘र’च्या जागचं ‘य’. म्हणून लिहितात ‘रन्कुन’सारखं आणि म्हणतात यांगून. आपण अजून रंगून म्हणतो, ते लिखाणाला धरूनच आहे. ट-वर्ग आणि त-वर्ग बोलण्यात एकच झाले आहेत.

आणि ङ! शाळेत आपण घोकतो आणि पुढे आयुष्यात तो शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. बर्मीत तो रोजचा आहे. ‘ङा’ खालच्या सपाट सुरात म्हटलं तर ‘मी’, वरच्या लांब सुरात म्हटलं तर ‘मासा’ किंवा ‘पाच’, आणि गळा आवळून पटकन तोडलं तर ‘माझा’. सूर हीच बर्मीची खरी चढण आहे. मराठीत अर्थ बदलणारा सूर नसल्यामुळे कान सुरुवातीला दादच देत नाही. मला तारलं ते लिखाणाने. वरचा सूर विसर्गासारख्या दोन टिंबांनी दाखवतात, आवळलेला सूर अक्षराखालच्या टिंबाने. अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायचं, स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि सयामांच्या आवाजाशेजारी ऐकायचा. पाच-सहा महिने रोज वीस मिनिटं हेच केलं. उलट ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ हे आवाज जवळपास आयते मिळाले. म्हैस आणि कोल्हा म्हणणाऱ्या जिभेला ते परके नाहीत, श्वास थोडा जास्त सोडावा लागतो इतकंच.

व्याकरणात मात्र सुटका आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखं. पुरुष, लिंग, वचन, कशानेच ते बदलत नाही. ‘सा’ म्हणजे खाणे: ‘सा दे’ खातो किंवा खाल्लं, ‘सा मे’ खाईन, ‘मसा बू’ खात नाही. प्रश्नाला शेवटी ‘ला’ लावायचा, आपण ‘का’ लावतो तसा. ‘थमिन सा पी बी ला’, जेवण झालं का, ही तिथली ख्यालीखुशाली विचारायची पद्धत. रशियनमध्ये दोन वर्षं रूपं पाठ केल्यानंतर हे फार सुखाचं वाटलं. गोळ्यांचंच बघा. औषध ‘से’, दोन गोळ्या ‘से न्हलोन’, तीन ‘से थोनलोन’. ‘से’ला काही होत नाही, आकड्यानंतर गोल वस्तूंसाठीचा ‘लोन’ येतो. माणसांना ‘याउ’, जनावरांना ‘काउंग’, भिक्षूंना ‘पा’, असे मोजायचे शब्द मात्र पाठच करावे लागतात. पालीचा अभ्यास झालेल्यांना, आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत, धर्माशी निगडित बरेच शब्द छापील मजकुरात ओळखू येतील.

मला खरा धक्का बसला तो आठ-नऊ महिन्यांनंतर. बोलणं बऱ्यापैकी जमू लागलं होतं, म्हणून माहितीपत्रक उघडलं तर निम्मंही कळेना. छापील बर्मी वेगळी असते. बोलण्यातला ‘दे’ तिथे ‘थी’ होतो, ‘हा’ आणि ‘ते’सारखे साधे शब्दही बदलतात. सरकारी पत्रं, वर्तमानपत्रं, औषधांची पत्रकं, सगळी त्या भाषेत. शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. त्यात आमच्या वितरकाच्या जुन्या फायली उघडल्या की नुसती अक्षरांची खिचडी दिसायची. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ ला अधिकृतपणे युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायची जगभरची एकच पद्धत, स्वीकारला, त्याआधीचा बहुतेक मजकूर झॉजी नावाच्या फाँटमध्ये आहे. जुनी फाइल आली की आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. तपासणीत आणखी एक बघा: बर्मी शून्य आणि ‘व’चं अक्षर सारखंच दिसतं, तसंच सात आणि ‘र’. टंकलेखनात त्यांची अदलाबदल होते आणि औषधाच्या मात्रेत ते चालत नाही.

२८ मार्च २०२५ ला मंडाले-सगाईंगचा भूकंप झाला. सयामांचे आई-वडील मंडालेत होते. चार दिवस त्यांचा काही निरोप नव्हता, आणि ते चार दिवस मला फार जड गेले. मग कळलं, माणसं सुखरूप आहेत, घराच्या भिंती गेल्या. वर्ग थांबला तो एप्रिलच्या अखेरीला पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही पुस्तक उघडलंच नाही.

सप्टेंबरात मी पहिल्यांदा एक आख्खं बर्मी माहितीपत्रक दुभाष्याशिवाय तपासलं. शब्दकोश हाताशी घेऊन तीन दिवस लागले, रशियन पत्रकाला अर्धा दिवस पुरतो. दोन्हींवरचा खर्च मात्र शेवटी जवळपास सारखाच आला. रशियनची फी कमी पण परीक्षा, प्रवास, पुस्तकं; बर्मीला परीक्षा दिली नाही पण दर तासाचे पैसे.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी असं सांगते. प्रमाणपत्र हवं असेल, वर्गात बसून रांगेने शिकायला आवडत असेल, पाठांतराचा कंटाळा नसेल तर रशियन घ्या. पुस्तकं, शिक्षक, परीक्षा, सगळं हाताशी आहे आणि दीड वर्षात नोकरीत दाखवण्यासारखं काही मिळतं. कान तयार असेल, गाणं शिकला असाल, एकट्याने चाचपडत शिकायची तयारी असेल तर बर्मी घ्या. सहा महिन्यांत माणसांशी बोलू लागाल आणि इथे ही भाषा येणारे इतके थोडे आहेत की काम तुम्हाला शोधत येईल. दोन्ही एकदम मात्र नको. मी रशियनची बी-१ होईपर्यंत बर्मीला हात लावला नाही.

सध्या सयामांबरोबर बर्मी वर्तमानपत्रातली एक बातमी आठवड्याला वाचते. रशियनच्या बी-२ साठी नाव दिलं आहे, तारीख अजून लागलेली नाही. जूनपासून वर्ग सुरू करणार असाल तर आधी पासपोर्टची मुदत बघून घ्या. माझ्या पासपोर्टच्या नूतनीकरणाला पोलीस पडताळणीसह महिनाभर गेला, आणि परीक्षेच्या अर्जाबरोबर त्याची प्रत लागतेच.